पार्श्वभूमी : 'नस दबलीय' म्हणजे नेमकं काय?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या कुठल्याही हाडांच्या दवाखान्यात संध्याकाळी सातनंतर बसून बघा. कुणी लोकलमधून उतरून, कुणी घोडबंदरची कोंडी सोसून आलेलं. हातात एमआरआयची लांबरुंद पिशवी, तोंडी एकच वाक्य : "नस दबलीय." त्याच बाकावरच्या काकू पोटरीवरच्या निळ्या गाठी दाखवत "नसा फुगल्यात" म्हणतात, आणि झोपेत पायात गोळा आलेला पोरगा सांगतो, "नसेवर नस चढली." पहिल्याची तक्रार मज्जातंतूची, काकूंची रक्तवाहिनीची. पोराच्या पायात नुसता स्नायू आखडलेला.

यावर हसण्यात अर्थ नाही, घोळ वैद्यकाइतकाच जुना आहे. ग्रीकमधला 'न्यूरॉन' मुळात कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारा पट्टा, किंवा धनुष्याची दोरी. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात शवविच्छेदन करणाऱ्यांनी कंडरा आणि मेंदूशी जोडलेले तंतू वेगळे काढले, शब्द मात्र तोच ठेवला. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतले ९०० स्नायू म्हणजे सांधे आवळून धरणारे बंध. फळ्या दोरांनी नीट बांधल्या की होडी भार पेलते, तसं शरीर, असा दाखला तिथे आहे. पुढे मराठीत स्नायू म्हणजे मसल झाला, हिंदीत नर्व्ह. अर्धी वेटिंग रूम हिंदी बोलणाऱ्या ठाण्यात हे दोन स्नायू रोज समोरासमोर येतात.

खरा गुंता 'मज्जा'चा. सप्तधातूंतली मज्जा हाडाच्या पोकळीतली. हालचाल आणि संवेदना आयुर्वेदाने वाताकडे दिल्या, म्हणून कमरेतून पायात उतरणारी कळ, गृध्रसी, हा वातविकार. मग मज्जा मेंदू आणि तंतूंच्या संस्थेच्या नावात कशी शिरली? लॅटिनमध्ये पाठीच्या कण्यातल्या दोरीला कण्याची मज्जाच म्हणतात, कारण तीही हाडाच्या नळीत असते. 'मज्जारज्जू' हा त्याचाच मराठी अवतार दिसतो, आणि 'मज्जातंतू', 'मज्जासंस्था' त्याच कुटुंबातले. मज्जातंतूसाठी शालेय पुस्तकांनी 'चेता' स्वीकारली, एका मोठ्या मराठी ज्ञानकोशाने 'तंत्रिका' पसंत केली. माझं मत विचाराल तर चेता उत्तम शब्द आहे. पण दहावीचा पेपर झाला की तो शाळेतच राहतो. दवाखान्याच्या पाट्या अजून 'मज्जातंतू' लिहितात, आणि ते वाचून "म्हणजे बोन मॅरो तपासायचं का?" असं घाबरून विचारणारे नातेवाईक मी पाहिलेत.

तंतूतून नक्की काय वाहतं, हे कळायला बराच काळ गेला. बेडकाच्या पायावरचे विजेचे प्रयोग १७९१ मध्ये छापले गेले. हा निरोप इतका चपळ की वेग मोजताच येणार नाही, असं मोठमोठे मानत होते. १८५० मध्ये जर्मनीत तो मोजला गेला : बेडकाच्या तंतूत सेकंदाला २७ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर. तीन वर्षांनी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली गाडी त्याच्या निम्म्या वेगानेही धावली नाही. मेंदूतल्या पेशी सुट्या की सलग जाळं, हा वाद तर १९०६ चं नोबेल दोन्ही बाजूंना विभागून मिळालं तेव्हाही धुमसत होता.

नौपाड्यातल्या बाकाशी थेट नातं आहे ते १९३४ चं. मणक्यांमधली सरकलेली गादी मज्जातंतूच्या मुळावर दाबते आणि कळ पायात जाते, हे अमेरिकेतल्या दोन सर्जननी तेव्हा मांडलं. मोठ्या माणसात मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. खाली घोड्याच्या शेपटीसारखी मुळं लोंबतात. त्यामुळे चौथ्या-पाचव्याची गादी सरकली तर रज्जू दबत नाही, एखाद-दुसरं मूळ दबतं. 'मज्जारज्जूला धोका' ऐकून रात्रभर जागणाऱ्याला हे आधी कुणी सांगत नाही.

म्हणून जुने डॉक्टर 'नस' शब्दावर थांबतच नाहीत. "मुंग्या कुठवर जातात, बोटाने दाखवा," म्हणतात. बोट पायाच्या अंगठ्याकडे गेलं की बहुधा कमरेचं पाचवं मूळ, करंगळीकडे गेलं की त्याखालचं. मग टाचेच्या मागे हातोडीचा हलका ठोका, आणि शेवटी एमआरआयची पिशवी उघडते.