गावमंडळ आणि हक्क संघटना: न्यूयॉर्कच्या आफ्रिकी वस्त्यांतली दोन निराळी कामं

एप्रिल 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी हॉलबाहेर हजाराहून जास्त स्थलांतरित जमले. बहुतेक गिनी देशाचे. आत नगर परिषदेची सुनावणी होती: शहराच्या निवारागृहांत कृष्णवर्णीय स्थलांतरितांना कशी वागणूक मिळते, या विषयावर. बाहेरच्या अनेकांच्या कानावर मात्र आलं होतं की आज इथे काम करण्याचा परवाना मिळणार. तसलं काहीच नव्हतं.

बाहेरून पाहणाऱ्यांचाही असाच घोळ होतो. ‘आफ्रिकी लोकांची संघटना’ म्हटलं की मयताला वर्गणी काढणारे आणि पोलिसांविरुद्ध मोर्चा नेणारे एकाच खात्यात जातात.

आधी मंडळ. गिनी, सेनेगल, माली इथून आलेल्यांची मंडळं गाव, प्रदेश किंवा जमातीच्या नावावर चालतात. कोकणातल्या चाकरमान्यांनी मुंबईत ग्रामस्थ मंडळं काढली, तशीच. ठरलेली वर्गणी, बोलणं पुलार नाहीतर वोलोफमध्ये. जोडीला भिशी. फ्रेंच बोलणारे तिला तोंतीन म्हणतात, घानाचे लोक सुसू. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत केसांच्या बारीक वेण्या घालून देणाऱ्या पश्चिम आफ्रिकी बायका आहेत. समजा त्यांच्यातल्या दहाजणींनी आठवड्याला 100 डॉलर काढले, तर दर आठवड्याला एकीच्या हातात 1000 डॉलर पडतात. व्याज नाही, स्टॅम्पपेपर नाही. कुणी पैसे बुडवले तर बातमी गावाकडे तिच्या आईपर्यंत पोचते. एवढी जरब पुरते.

मंडळाचा खरा कस लागतो तो मयताच्या वेळी. मृतदेह मायदेशी न्यायचा तर अंत्यविधी करणाऱ्या कंपनीचं बिल, वकिलातीचे कागद, विमानाचं भाडं. सगळं मिळून हजारो डॉलर, आणि तेही घाईत, कारण मुस्लिम घरात दफन लांबवायचं नसतं. एकट्या टॅक्सीवाल्याच्या आवाक्यातलं हे काम नाही.

हक्क संघटनेचा कारभार वेगळा. ‘आफ्रिकन कम्युनिटीज टुगेदर’ ही अमाहा कासा यांनी 2013 मध्ये सुरू केलेली संघटना घ्या. इथे तुमचं गाव कोणतं, जमात कोणती, कुणी विचारत नाही. पगारी माणसं असतात, देणग्या आणि अनुदानं येतात, हिशेब सरकारला दाखवावा लागतो. आश्रयाच्या अर्जाला मदत मिळते, पण रोख नियमावर असतो: तो बदला, नाहीतर नवा करा. अमेरिकेतल्या लायबेरियन लोकांना कायम वास्तव्याची वाट डिसेंबर 2019 च्या कायद्याने मोकळी झाली, ती अशाच संघटनांच्या वर्षानुवर्षांच्या रेट्यामुळे.

दोघांतला सगळ्यात मोठा फरक मला दिसतो तो उजेडात येण्याचा. मंडळात कागदपत्रं नसलेला माणूसही वर्गणी भरतो, म्हणून मंडळ सहसा कॅमेऱ्यासमोर जात नाही. हक्क संघटनेला त्याशिवाय गत्यंतर नाही. यावरून मंडळांना भित्रं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. मोर्चात पकडला गेला तर नागरिक संध्याकाळी घरी येतो, बिनकागदाचा माणूस कदाचित थेट विमानात बसतो.

अमादू दियालोच्या वेळी ही दोन्ही कामं एकदम अंगावर आली. गिनीचा हा 23 वर्षांचा तरुण मॅनहॅटनमध्ये 14व्या रस्त्याच्या फुटपाथवर मोजे, हातमोजे, व्हिडिओ कॅसेट विकायचा. 4 फेब्रुवारी 1999 च्या रात्री ब्रॉन्क्समध्ये स्वतःच्या घराच्या दारात साध्या वेशातल्या चार पोलिसांनी त्याच्यावर 41 गोळ्या झाडल्या. 19 लागल्या. हातात होतं पैशांचं पाकीट. त्याचा मृतदेह गिनीला गेला आणि दफन होलांद-बुरू या गावी झालं. इकडे पोलीस मुख्यालयासमोर आठवडेच्या आठवडे निदर्शनं चालली, हजाराहून जास्त लोकांनी अटक करवून घेतली. पण त्या निदर्शनांची सूत्रं अल शार्प्टन यांच्यासारख्या अमेरिकी कृष्णवर्णीय नेत्यांकडे होती. माझ्या मते कारण सरळ आहे: पश्चिम आफ्रिकी वस्तीत मंडळांची वाण नव्हती, शहराशी भांडायची सवय असलेली स्वतःची संघटना मात्र शोधावी लागत होती. फेब्रुवारी 2000 मध्ये चारही पोलीस निर्दोष सुटले. 2004 मध्ये शहराने कुटुंबाला 30 लाख डॉलर देऊन दावा मिटवला.

हक्क संघटनेने मिळवलेलं टिकतंच असंही नाही. संघर्षात होरपळणाऱ्या कॅमेरूनला लोकांना परत पाठवू नये, या मागणीला एप्रिल 2022 मध्ये यश आलं आणि अमेरिकेतल्या कॅमेरूनी लोकांना तात्पुरतं संरक्षण मिळालं. 2025 मध्ये अमेरिकेतल्या नव्या सरकारने ते काढून घेतलं. असं संरक्षण गेलं की माणसाला वकील लागतो. मग वकिलाची फी कुठून आणायची, आणि न्जांगीत, म्हणजे कॅमेरूनी भिशीत, या महिन्याचा नंबर कुणी कुणासाठी सोडायचा, याची बोलणी सुरू होतात.