स्थलांतर, मतपेटी आणि सरासरीचा चकवा

युरोपात कुठेही स्थलांतरविरोधी पक्षाची मते वाढली की दुसऱ्या दिवशीच्या विश्लेषणांत एक विधान हमखास वाचायला मिळते: जिथे परदेशी माणसे कमी, तिथेच त्यांची भीती जास्त. पाठोपाठ नैतिक निवाडाही येतो, की ज्यांनी स्थलांतरित माणूस धड पाहिलेलाही नाही त्यांनी त्याच्याविरुद्ध मत देणे बेजबाबदारपणाचे आहे. लोकानुनयवादी राजकारणाविषयी मला ममत्व नाही. परंतु हा निवाडा ज्या पुराव्यावर उभा आहे त्याला संख्याशास्त्रातल्या एका जुन्या चुकीने आतून पोखरलेले आहे, आणि ती चूक समजून घेतल्याशिवाय मतदाराच्या कर्तव्याविषयी बोलणे घाईचे ठरेल.

स्वित्झर्लंडचे उदाहरण यासाठी सर्वांत सोयीचे आहे. ९ फेब्रुवारी २०१४ रोजी तिथे स्विस पीपल्स पार्टी या उजव्या, स्थलांतरविरोधी पक्षाने पुढे आणलेल्या, स्थलांतरावर मर्यादा घालण्याच्या प्रस्तावावर सार्वमत झाले आणि ५०.३ टक्के मतांनी तो संमत झाला. सुमारे २९ लाख मतांत फरक होता जेमतेम १९,३०० मतांचा. देशातील जवळपास एकचतुर्थांश रहिवासी परदेशी नागरिक होते आणि ज्यांच्याविषयी हा निर्णय होता त्या लोकांना मतदानाचा अधिकारच नव्हता. निकालाचा नकाशा वर सांगितलेल्या विधानाला दुजोरा देणारा दिसतो. सुमारे ४० टक्के परदेशी रहिवासी असलेल्या जिनिव्हाने प्रस्ताव नाकारला, बासेल शहरानेही नाकारला. आणि जिथे परदेशी लोक दहा टक्क्यांच्या आसपास आहेत त्या आपेनझेल इनरऱ्होडन या छोट्या कॅन्टनने (स्विस संघराज्यातील घटक राज्याने) तो ६० टक्क्यांहून अधिक मतांनी स्वीकारला.

आता एक काल्पनिक हिशेब करू. एका शहरात १,००० मतदार आहेत. त्यांपैकी ५०० स्थलांतरितांच्या शेजारी राहतात आणि त्यांतले २५० प्रस्तावाच्या बाजूने मत देतात. उरलेल्या ५०० पैकी १५० बाजूने आहेत. म्हणजे शहराचा होकार ४० टक्के. दुसरीकडे १,००० मतदारांचे एक गाव आहे. तिथे स्थलांतरितांचे शेजारी फक्त १०० असून त्यांतले ७० बाजूने आहेत, आणि उरलेल्या ९०० पैकी ५४० बाजूने आहेत. गावाचा होकार ६१ टक्के. नकाशावर गाव गडद दिसेल, शहर फिके, आणि पाहणारा म्हणेल की शेजार नसला की विरोध वाढतो. प्रत्यक्षात शहरातही आणि गावातही, स्थलांतरितांच्या शेजाऱ्यांचा होकार इतरांपेक्षा अधिकच आहे. शहरात २० टक्क्यांनी, गावात १० टक्क्यांनी. नकाशा खोटे सांगत नाही. तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो.

गटाच्या सरासरीवरून गटातल्या व्यक्तींविषयी निष्कर्ष काढण्याच्या या दोषाचे अभिजात विवेचन समाजशास्त्रज्ञ विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० साली केले, आणि योगायोग असा की त्यांचे उदाहरणही स्थलांतराचेच होते. अमेरिकेच्या १९३० च्या जनगणनेतील ४८ राज्ये घेऊन त्यांनी परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण आणि निरक्षरता यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात याचे उणे एक ते अधिक एक असे माप) काढला. तो आला उणे ०.५३, म्हणजे स्थलांतरित जितके जास्त तितकी निरक्षरता कमी. व्यक्तिगणिक हिशेब केल्यावर तोच आकडा अधिक ०.१२ झाला, परदेशात जन्मलेली माणसे किंचित अधिक निरक्षर होती. चिन्हच उलटले, कारण स्थलांतरित जिथे जाऊन वसले त्या राज्यांतले मूळ रहिवासी मुळातच अधिक साक्षर होते. कोणत्याही दोन गोष्टींतला एकूण सहसंबंध हा गटांच्या सरासऱ्यांमधला एक भाग आणि गटांच्या आतला दुसरा भाग यांच्या भारित बेरजेतून बनतो, आणि हे दोन भाग परस्परविरुद्ध दिशांना खेचू शकतात; केवळ पहिला भाग हाती असेल तर दुसऱ्याचे चिन्हसुद्धा त्यावरून सांगता येत नाही.

स्विस नकाशात आणखी एक गुंता आहे. स्थलांतरित नोकऱ्या असतात तिथे जातात, उच्चशिक्षित तरुण स्विस नागरिकही तिथेच जातात, आणि ज्यांना मिश्र वस्ती नकोशी वाटते ते बाहेर पडतात. त्यामुळे सहवासाने पूर्वग्रह निवळतो की ज्याचा पूर्वग्रह कमी तोच सहवासात टिकतो, हे कळत नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये सहवासाचा सिद्धान्त मांडताना समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थांचा पाठिंबा अशा अटी घातल्याच होत्या. नुसते एका रस्त्यावर राहणे त्यांना पुरेसे वाटत नव्हते. तिचिनो कॅन्टनमध्ये परदेशी रहिवासी चौथ्या हिश्शाहून अधिक असूनही ६८ टक्के होकार मिळाला. तिथे रोज सकाळी इटलीतून हजारो कामगार सीमा ओलांडून येतात आणि संध्याकाळी घरी परततात. रहिवाशांच्या गणनेत ते कुठेच नसतात, पण तिथल्या मजुरीविषयीच्या वादात ते सतत असतात.

निकालाच्या आदल्या रात्री ग्रहांवरून जागा सांगणाऱ्यांना आपण हसतो, आणि हसायलाच हवे. मात्र रंगवलेल्या नकाशावरून लाखो माणसांचे मन वाचणाऱ्या तज्ज्ञालाही तेवढेच कठोर प्रश्न विचारले पाहिजेत.

मतदानाच्या नीतीचा प्रश्न मला इथे येऊन भिडतो, कारण हीच चूक मतदारही करत असतो. परदेशी नागरिकांतील गुन्हेगारीचा सरासरी आकडा प्रचारपत्रकात छापला जातो, पण स्थलांतरितांत तरुण पुरुषांचे प्रमाण अधिक असते आणि कोणत्याही समाजात तरुण पुरुषच अधिक गुन्हे करतात, हे त्यात नसते. त्या सरासरीवरून समोरच्या माणसाला जोखणारा मतदार आणि कॅन्टनच्या सरासरीवरून त्या मतदाराला जोखणारा विश्लेषक यांच्या तर्कात मला फरक दिसत नाही. अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये दाखवले होते की एका मताने निकाल फिरण्याची शक्यता अत्यल्प असल्याने माहिती मिळवण्याचे कष्ट मतदाराला परवडत नाहीत. स्वतःपुरता हा हिशेब चोख आहे. पण सार्वमताआधी प्रत्येक स्विस मतदाराच्या घरी मतपत्रिकेसोबत दोन्ही बाजूंचे युक्तिवाद असलेली एक छोटी पुस्तिका टपालाने येते. निर्णयाचा भार मत नसलेल्या शेजाऱ्यावर पडणार असताना ती न उघडता मतपत्रिका परतीच्या पाकिटात घालणे ही निव्वळ खाजगी काटकसर राहत नाही. परिणाम लांबवर जातात: २०१४ च्या निकालानंतर युरोपीय संघाशी बोलणी अडली आणि स्वित्झर्लंडचा इरॅस्मस या विद्यार्थी-विनिमय योजनेतील पूर्ण सहभाग संपला.

न्यूशातेल कॅन्टनने परदेशी रहिवाशांना स्थानिक निवडणुकांत प्रथम १८४९ मध्येच मताधिकार दिला होता. संघराज्याच्या सार्वमतात मात्र तिथल्याही परदेशी नागरिकाला मत नाही. युरोपीय संघाशी असलेला मुक्त संचाराचा करार संपवण्याचा प्रस्ताव २७ सप्टेंबर २०२० रोजी स्विस मतदारांनी सुमारे ६२ टक्के मतांनी फेटाळला, तेव्हाही तो निर्णय सर्वस्वी स्विस नागरिकांनीच घेतला होता.