बदलता आयपी पत्ता आणि संकेतस्थळांची बंदी

संकेतस्थळावर वारंवार उपद्रव करणाऱ्या व्यक्तीला तिथे लिहिण्यापासून, किंवा तिथे येण्यापासूनच, रोखणे म्हणजे बंदी. खाते असेल तर ते गोठवता येते. खातेच नसेल, किंवा एक गोठवले की ती व्यक्ती दुसरे उघडत असेल, तर चालकांच्या हाती तिच्या जोडणीचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर ती जोडणी ओळखण्याचा क्रमांक, एवढेच उरते. सातारा-सांगलीसारख्या शहरांत हा पत्ता सतत बदलतो आणि एका वेळी तो अनेकांचा असतो. म्हणून पत्त्यावर घातलेली बंदी पुष्कळदा उपद्रव्याला चुकवते आणि त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांवर जाऊन आदळते. हे नुकसान आवरता कसे येईल, हाच या विषयाचा गाभा आहे.

पत्ता का बदलतो : आयपीच्या चौथ्या आवृत्तीतला पत्ता ३२ बिटांचा असतो. १९८१ मध्ये ही रचना ठरली तेव्हा सुमारे ४२९ कोटी पत्ते भरपूर वाटले होते. जागतिक वाटपाचा साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला आणि त्याच वर्षीच्या एप्रिलपासून आशिया-पॅसिफिक विभागात उरलेले पत्ते हात राखून दिले जाऊ लागले. भारतात स्वस्त मोबाइल डेटा आला तो २०१६ नंतर. म्हणजे आपल्याकडची बहुसंख्य माणसे नेटवर आली तेव्हा पत्ते आधीच संपत आले होते. प्रत्येक ग्राहकाला कायमचा पत्ता देणे सेवादात्यांना परवडत नाही. तो ठरावीक मुदतीपुरता मिळतो. वीज गेली, राउटर बंद करून पुन्हा चालू केला, की बऱ्याच जोडण्यांवर नवा पत्ता येतो. बंदी टाळू पाहणाऱ्याला एवढे पुरते. त्यासाठी कसलेही तांत्रिक ज्ञान लागत नाही.

याहून मोठी अडचण सामायिक पत्त्याची आहे. सांगली, मिरज, कुपवाडच्या गल्ल्यांत फायबर टाकणारा स्थानिक केबलवाला आपल्या ग्राहकांना अंतर्गत पत्ते देतो. १००.६४ पासून सुरू होणारा एक गट २०१२ मध्ये खास यासाठी राखून ठेवला गेला. बाहेरच्या जगाला दिसतो तो एकच सार्वजनिक पत्ता, आणि त्यामागे अख्खी पेठ असू शकते. मोबाइलचेही तसेच. साताऱ्यात पोवई नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाचा डेटा कंपनीच्या मोठ्या केंद्रातून बाहेर पडतो, म्हणून पत्त्यावरून ठिकाण सांगणारी साधने त्याला पुण्यात किंवा मुंबईत दाखवतात. ‘साताऱ्याहून येणारा हा उपद्रवी’ असे पत्ता बघून कोणी म्हणत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

पट्ट्यावर बंदी : एक पत्ता रोखला आणि माणूस शेजारच्या पत्त्यावरून परत आला, की चालक पत्त्यांचा सलग पट्टाच रोखतात. चौथ्या आवृत्तीतला पत्ता टिंबांनी जोडलेल्या चार आकड्यांनी लिहितात. त्यांतले पहिले तीन आकडे कायम धरले तर पट्ट्यात २५६ पत्ते येतात. पहिले दोनच धरले तर ६५,५३६. विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिच्यात याहून मोठा पट्टा मुळात रोखताच येऊ नये अशी मर्यादा घालून ठेवलेली असते. ती शहाणपणाची आहे. एकेका पत्त्यामागे शेकडो ग्राहक असतील, तर रागाच्या भरात घातलेली एक बंदी जिल्ह्याएवढ्या लोकसंख्येला बाहेर ठेवू शकते.

हे नुसते गणित नाही. २००६ सरून २००७ उजाडताना विकिपीडियावर उत्पात करणारा एक पत्ता रोखला गेला आणि काही तास कतार या अख्ख्या देशातले बिनखात्याचे लोक संपादनाला मुकले. देशातली नेटची जवळजवळ सगळी वाहतूक तेव्हा एका मध्यस्थ सर्व्हरच्या त्या एका पत्त्यातून बाहेर पडत होती. अशा मध्यस्थ सर्व्हरने मागच्या ग्राहकाचा खरा पत्ता विनंतीसोबत पुढे पाठवला, तर त्या एकट्याला रोखता येते. मात्र असा मजकूर कोणीही बनावट घालू शकतो, म्हणून तो ओळखीच्या, विश्वासू सेवादात्यांकडूनच स्वीकारतात.

नव्या आवृत्तीने उलटा प्रश्न उभा केला. आयपीच्या सहाव्या आवृत्तीत पत्ता १२८ बिटांचा आहे आणि एका घराला सहसा किमान २ चा ६४ वा घात एवढे पत्ते मिळतात. खासगीपणासाठी फोन आणि संगणक स्वतःहून तात्पुरते पत्ते घेतात आणि नेहमीच्या मांडणीत ते रोज बदलतात. त्यामुळे इथे एकच पूर्ण पत्ता रोखणे म्हणजे काहीच न रोखणे होय. पत्त्याचा पहिला अर्धा भाग, म्हणजे ६४ बिटांचा उपसर्ग, रोखला तर बहुतेक वेळा एक घर किंवा एक फोनच रोखला जातो. शेजारी वाचतात. सामायिक पत्त्यांच्या काळात नव्या आवृत्तीची ही बाजू पुरेशी सांगितली जात नाही.

मुदत : बदलत्या पत्त्यावर कायमची बंदी घालू नये, हे मत येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. एस.टी. स्टँडजवळच्या लॉजमध्ये एखाद्या गिऱ्हाइकाने धिंगाणा घातला म्हणून त्याच्या खोलीत पुढे उतरणाऱ्या प्रत्येकाला हाकलून द्यावे, तसा तो न्याय होतो. पत्ता काही तासांत दुसऱ्याकडे जाणार असेल तर बंदीही तासांची किंवा दिवसांची असावी. मीडियाविकीत खाते रोखले की त्याने शेवटी वापरलेला पत्ता आपोआप रोखला जातो, पण नेहमीच्या मांडणीत फक्त २४ तास. बहुतेकदा तेवढ्यात उपद्रव्याचा जोर ओसरतो.

रोखायचे काय, हेही ठरवावे लागते. वाचन चालू ठेवून लेखन बंद करता येते. लेखन चालू ठेवून त्या पत्त्यावरून नवे खाते उघडणे तेवढे बंद करता येते. जुन्या, नीट वागणाऱ्या खातेदारांना आत सोडून फक्त बिनखात्याच्यांना अडवता येते. सामायिक पत्त्यांसाठी हा शेवटचा प्रकार सर्वांत कमी अन्यायाचा आहे. पुष्कळदा माणसाऐवजी पानाला कुलूप लावणेच बरे पडते. समजा, अजिंक्यताऱ्यावरच्या लेखात कोणी रोज नव्या पत्त्यावरून खोडसाळपणा करतो आहे. तर तो लेख काही दिवस फक्त जुन्या सदस्यांना संपादित करता येईल असा ठेवावा; साताऱ्यातल्या बाकीच्यांना इतर हजारो लेखांवर काम करता येते. साताऱ्यापासून जवळच, वाईत, मराठी विश्वकोशाचे काम नेमलेल्या संपादकांनी आणि नावानिशी लिहिणाऱ्या लेखकांनी केले. तिथे हा प्रश्नच नव्हता. ज्या ज्ञानकोशाचे दार सर्वांना उघडे आहे, तिथे तो रोजचा आहे.

पत्त्यापलीकडच्या खुणा : पत्ता बेभरवशाचा ठरल्यावर संकेतस्थळे इतर खुणा वापरू लागली. ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे संकेतस्थळाची छोटी नोंद, ठेवली की पत्ता बदलला तरी तोच ब्राउझर ओळखू येतो, पण कुकी पुसणे सोपे असते. पडद्याचा आकार, फाँट, वेळेचा पट्टा आदी तपशील जोडून उपकरणाचा ठसा घेता येतो. हा ठसा माणसाला नकळत घेतला जातो, म्हणून त्याचा वापर अत्यंत जपून व्हायला हवा. फोनवर ओटीपी पाठवून खाते देणे भारतात सर्रास चालते. नवे सिम मिळवणे नव्या पत्त्याइतके सोपे नसते. विकिपीडियाने २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बिनखात्याच्या संपादकांना तात्पुरती खाती द्यायला सुरुवात केली. त्यामुळे आयपी पत्ता चारचौघांत दिसत नाही, मोजक्या जबाबदार सदस्यांनाच पाहता येतो, आणि पत्ता बदलला तरी ब्राउझर तोच असेल तर खातेही तेच राहते.

विनंत्यांचा वेग मोजून आपोआप घातली जाणारी बंदी वेगळी. तिच्यामागे कोणी माणूस निर्णय घेत नसतो, आणि तिचा फटका सांगलीच्या विश्रामबागसारख्या भागातल्या अभ्यासिकांना सहज बसू शकतो. स्पर्धापरीक्षेच्या निकालाच्या दिवशी एकाच वायफायवरून साठ मुले तेच पान पुन्हा पुन्हा उघडतात. सर्व्हरला ते एका पत्त्यावरून आलेले यंत्र वाटते आणि तो ४२९ क्रमांकाचा ‘फार विनंत्या’ हा संदेश देतो. पत्त्याऐवजी लॉगिन केलेल्या खात्यामागे मर्यादा ठेवली तर हे टळते. परीक्षांची आणि सरकारी कामांची संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी हे ध्यानात घेणे फार गरजेचे आहे.

पत्ता म्हणजे माणूस नव्हे : सामायिक पत्त्यामागचा नेमका ग्राहक सेवादात्यालाही नुसत्या पत्त्यावरून सांगता येत नाही. त्याला स्रोत पोर्टचा क्रमांक (एकाच पत्त्यामागच्या जोडण्या वेगळ्या ओळखण्यासाठीचा आकडा) आणि अचूक वेळ लागते. संकेतस्थळांनी हा पोर्टही नोंदवून ठेवावा, अशी तांत्रिक शिफारस २०११ मध्येच झाली होती. वेळ जागतिक प्रमाणवेळेत नोंदवलेली असेल आणि कोणी ती भारतीय वेळ समजून वाचली, तर साडेपाच तासांच्या फरकाने भलताच ग्राहक पुढे येतो. अशा नोंदींतली चूक किती महागात पडते, हे २००७ मध्ये दिसले. छत्रपती शिवाजी महाराजांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका संगणक अभियंत्याला अटक केली. आयपी पत्त्याचा ग्राहक म्हणून दिलेली माहिती चुकीची निघाली, पण तोवर त्या निरपराध माणसाने सुमारे ५० दिवस तुरुंगात काढले होते.

कोणाला पळवाट, कोणाला नाही : व्हीपीएन किंवा खुली प्रॉक्सी, म्हणजे आपल्याऐवजी दुसराच पत्ता दाखवणारी सेवा, वापरणारा एका मिनिटात दहा पत्ते फिरून येतो. त्यामुळे अनेक संकेतस्थळे अशा सेवांचे पत्ते आधीच रोखून ठेवतात. याउलट कांदाटी खोऱ्यासारख्या दुर्गम भागात एखाद्या गावाला एकाच कंपनीची रेंज मिळत असेल, तर त्या कंपनीचा पट्टा रोखल्यावर गावकऱ्यांना दुसरा मार्ग नसतो. बंदी घालणाऱ्याला ही माणसे दिसत नाहीत. त्यांची तक्रार येण्याची वाटही पुष्कळदा त्याच बंदीने बंद झालेली असते. म्हणून बंदीच्या पानावर कारण, मुदत आणि खात्याशिवाय वापरता येईल असा संपर्काचा मार्ग द्यायलाच हवा.

विनाकारण अडकलेल्याने राउटर बंद करून पाहावा किंवा मोबाइल डेटावरून प्रयत्न करावा. तरीही अडले तर दिसणारा आयपी पत्ता, तारीख आणि वेळ चालकांना कळवावी. विकिपीडियावर अशा खातेदाराला पट्ट्याच्या बंदीतून सूट देण्याची सोय आहे; ती मिळाल्यावर बंदी असलेल्या जोडणीवरूनही त्याला लिहिता येते.