प्रोसेसरचा बूस्ट वेग न मिळणे

प्रोसेसरच्या माहितीत दोन वेग दिलेले असतात, मूळ आणि बूस्ट. वापरताना बूस्टचा आकडा दिसतच नाही, ही संगणक जोडणाऱ्यांकडे कायम येणारी तक्रार आहे. तीत खरा बिघाड दर वेळी असतोच असे नाही. मूळ वेग टिकवण्याची हमी असते; बूस्ट हा वरचा टप्पा आहे आणि तोही बहुधा एकदोन कोअरपुरता (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग). तापमान, वॅट, विद्युतप्रवाह आणि व्होल्टेज यांत जेवढी सवड असेल तेवढाच प्रोसेसर वर चढतो. दुरुस्तीला हात घालण्याआधी या चौघांपैकी कोण आधी आडवे आले ते पाहावे लागते.

इंटेलने टर्बो बूस्ट २००८ मध्ये नेहालेम पिढीच्या कोअर आय७ मध्ये आणले. एएमडीचे टर्बो कोअर २०१० चे. पुढे २०१७ पासून एएमडीच्या रायझन प्रोसेसरमध्ये आलेले प्रिसिजन बूस्ट २५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी वर-खाली होते, त्यामुळे त्याचा आकडा एका जागी ठरत नाही.

मोजणीतच पहिली चूक होते. सगळे कोअर भरून टाकणारी चाचणी लावायची आणि एका कोअरचा बूस्ट शोधायचा, हे जमणार नाही. इंटेलच्या कोअर आय५-१२४०० चा बूस्ट ४.४ गिगाहर्ट्झ आहे, पण सहाही कोअर कामाला लागले की तो ४.० वर येतो. ती त्याची ठरलेली चाल आहे. विंडोजचा टास्क मॅनेजर सगळ्या कोअरचा मिळून एकच आकडा दाखवतो, तोही इथे कामाचा नाही. सिनेबेंच या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची सिंगल कोअर चाचणी लावावी, एचडब्ल्यूइन्फो या नोंदी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कोअरचा कमाल आकडा पाहावा आणि दोन नोंदींमधला वेळ दोन सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आणावा. मागे ब्राउझर, अँटिव्हायरस किंवा रंगीत दिव्यांचे सॉफ्टवेअर चालू ठेवू नये; बाकीचे कोअर झोपल्याशिवाय एकाला पूर्ण झेप मिळत नाही. ४.६ ऐवजी ४.५९ दिसत असेल तर सोडून द्यावे. मदरबोर्डचे मूळ घड्याळ १०० ऐवजी ९९.८ मेगाहर्ट्झवर चालले की एवढा फरक पडतोच.

आता मर्यादा. रायझन ५ ५६००एक्स ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, पण सॉकेटमधून त्याला ७६ वॅटपर्यंत घेता येतात. या मर्यादेला पीपीटी म्हणतात. सलग प्रवाहाची मर्यादा टीडीसी, ६० अँपिअर. क्षणिक प्रवाहाची ईडीसी, ९० अँपिअर. एचडब्ल्यूइन्फो या तिन्ही टक्क्यांत दाखवतो. चाचणी चालू असताना जी १०० ला टेकेल ती दोषी. इंटेलमध्ये लक्षण वेगळे असते. १२४०० ला थोडा वेळ ११७ वॅट आणि नंतर ६५ वॅट असे दोन टप्पे आहेत. जड काम सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेग एकदम घसरला आणि तापमान मात्र साठ-सत्तरच असले, तर कूलर बदलण्यात अर्थ नाही. बायॉसमधली (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमधली) ६५ वॅटची मर्यादा वाढवावी लागेल. मात्र स्वस्त मदरबोर्डवर व्होल्टेज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंक (उष्णता घालवणारा धातूचा तुकडा) नसतोच. तिथे मर्यादा वाढवली की तो भाग तापून वेग पुन्हा खाली ओढतो.

तापमान ५६००एक्सवर ९५ आणि १२४०० वर १०० अंशांना टेकत असेल तर कूलर उघडावा. नव्या कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहून जाणे हे हास्यास्पद वाटले तरी होते. इंटेलच्या सोबतच्या कूलरमध्ये चार दाबखिळ्या असतात. तिरप्या जोडीने दाबाव्यात आणि मग बोर्ड उलटून पाहावे: चारही खिळ्यांचे दुभंगलेले पाय मागे पूर्ण बाहेर आलेले दिसले पाहिजेत. एक जरी अर्धी राहिली तरी कूलर त्या कोपऱ्यात उचललेला राहतो. एएम४ बोर्डवर (५६००एक्ससारखे रायझन ज्यावर बसतात तो) आधी संगणक दहा मिनिटे चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहणारी पेस्ट मऊ करावी, मग बंद करून कूलर हलकेच पिळून सोडवावा. सरळ ओढला तर प्रोसेसर पिनांसकट सॉकेटमधून उपटून येतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढा नवा थेंब टाकावा. जुन्याच पेस्टवर कूलर परत बसवला की मध्ये हवा अडकते. खोलीचे तापमानही हिशेबात धरावे: जानेवारीत व्यवस्थित चाललेला संगणक नागपूरच्या मे महिन्यात हवा थंड करणारा कूलर नसलेल्या खोलीत बूस्ट सोडून देतो.

तापमान आणि वॅट दोन्ही कमी, तरीही वेग मूळ आकड्यावरच अडकलेला असेल तर सेटिंग पाहावे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट ९९ टक्क्यांवर असले की बूस्ट पूर्ण बंद होतो. लॅपटॉप थंड ठेवायला कुणीतरी केलेला हा उपाय नंतर विसरला जातो. बायॉसमध्ये एएमडीवर कोअर परफॉर्मन्स बूस्ट आणि ग्लोबल सी-स्टेट कंट्रोल, इंटेलवर टर्बो बूस्ट आणि सी-स्टेट चालू आहेत ना ते बघावे; सी-स्टेट म्हणजे रिकाम्या कोअरला झोपवणारी सोय. हाताने ठरवलेला मल्टिप्लायर (मूळ घड्याळाला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा) ऑटोवर न्यावा. काहीच सापडले नाही तर बायॉस मूळ सेटिंगवर आणून पुन्हा मोजावे आणि मेमरीचा वेग वाढवणारे एक्सएमपी हे सेटिंग त्यानंतरच लावावे.

लॅपटॉप ८०० मेगाहर्ट्झच्या आसपास खिळला असेल तर चार्जरवर संशय घ्यावा. चार्जर ओळखता आला नाही की काही लॅपटॉप बीडी प्रोचॉट हा इशारा प्रोसेसरला देतात आणि तो थंड असूनही दबून बसतो. थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये बीडी प्रोचॉटसमोरची टिकची खूण काढून वेग परत आला तर निदान झाले. पण खूण कायम काढून ठेवू नये, चार्जर बदलावा.

बायॉस अद्ययावत करणे हा उपाय कधीकधी खरोखर लागू पडतो. २०१९ च्या जुलैत आलेल्या रायझन ३००० मालिकेचे प्रोसेसर सांगितलेला बूस्ट गाठत नव्हते. एएमडीने सप्टेंबरमध्ये फर्मवेअरमधला दोष मान्य करून बायॉसमधल्या आपल्या एजेसा या फर्मवेअरची १.०.०.३ एबीबीए ही आवृत्ती दिली आणि कामानुसार २५ ते ५० मेगाहर्ट्झची भर पडली. एवढे करूनही सिंगल कोअर चाचणीत शंभर-दोनशे मेगाहर्ट्झ कमीच पडत असतील, तर प्रोसेसर दुसऱ्या बोर्डवर लावून पाहावा. तिथेही तोच आकडा आला तर हमीचा दावा करता येतो. त्यासाठी वरच्या मर्यादा वाढवणारे प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह हे सेटिंग वापरलेले नसावे, कारण त्याने झालेले नुकसान एएमडीच्या हमीत बसत नाही.