अपस्मारातला सायकोसिस : शेवटची फिट कधी आली, हे आधी का विचारतात

अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांना टिकू देत नाहीत, या समजुतीवर मानसोपचारतज्ज्ञ लाडिस्लाउस मेडूना यांनी १९३४ मध्ये बुडापेस्टमध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला कापराचे इंजेक्शन देऊन मुद्दाम फिट आणली. यातूनच पुढे १९३८ मध्ये विजेच्या झटक्याचा उपचार आला. उपचार टिकला, समजूत मात्र टिकली नाही.

लंडनमध्ये स्लेटर, बेअर्ड आणि ग्लिथेरो यांनी १९६३ मध्ये ६९ रुग्ण मांडले. या सर्वांना अपस्मारासोबत स्किझोफ्रेनियासारखा सायकोसिस (भास, संशय, वास्तवाचे भान सुटणे) होता आणि तो अपस्मारानंतर सरासरी १४ वर्षांनी सुरू झाला होता. रुग्णालयांतून निवडलेल्या रुग्णांवरून प्रमाण ठरवता येत नाही, हा आक्षेप रास्तच होता. २०१४ च्या एकत्रित विश्लेषणाने अपस्माराच्या रुग्णांत सायकोसिसचे प्रमाण ५.६ टक्के काढले, टेम्पोरल लोबच्या (मेंदूच्या कानाजवळच्या भागातल्या) अपस्मारात सुमारे ७ टक्के.

पण मेडूना पूर्ण चुकले होते असेही नाही. १९५० च्या दशकात लँडोल्ट यांना काही रुग्णांत वेगळाच प्रकार दिसला : फिट थांबतात, ईईजी (मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख) सुधारतो आणि नेमके तेव्हाच भास व संशय सुरू होतात. म्हणून लेव्हेटिरॅसेटम, टोपिरामेट, व्हिगाबॅट्रिन किंवा पेराम्पॅनेल यांपैकी फिट थांबवणारे औषध नुकतेच सुरू केले वा वाढवले आहे का, हे तपासावे लागते.

सर्वांत जास्त फसवणारा प्रकार फिटनंतरचा. लॉग्सडेल आणि टून यांनी १९८८ मध्ये त्याचे निकष घातले. लागोपाठ फिट येतात, रुग्ण शुद्धीवर येऊन नीट बोलू लागतो, घरचे निर्धास्त होतात. मग काही तासांनी किंवा दिवसांनी, आठवड्याच्या आत, झोप उडते, संशय वाढतो, कधी देवत्वाची भाषा, कधी मारहाण. मधल्या या ठीक काळामुळेच फिटशी संबंध लक्षात येत नाही. तपासणीसाठी औषधे कमी करून व्हिडिओ ईईजी करतानाही हे घडू शकते. गोंधळ सतत राहिला, तर झटके न दिसणारी फिट आतल्या आत चालू आहे का, हे ईईजीनेच कळते.

सायकोसिसच्या औषधांनी फिट वाढतील या भीतीने ती टाळली जातात. क्लोझापिन आणि क्लोरप्रोमॅझिनबाबत, विशेषतः मोठ्या मात्रेत, ही भीती खरी आहे. रिस्पेरिडोनचा धोका त्यामानाने कमी. मात्र कार्बामॅझेपिन किंवा फेनिटॉइन ही फिटची औषधे चालू असतील तर यकृत रिस्पेरिडोनचे विघटन वेगाने करते, आणि त्याची नेहमीची मात्रा अपुरी पडते. पुढे कार्बामॅझेपिन बंद केले, की रिस्पेरिडोनची तीच वाढवलेली मात्रा जड जाते.