‘मेन ठरवेल तोच अध्यक्ष’ या समजाची तपासणी

अमेरिकेच्या ईशान्य टोकावरचे मेन हे छोटे राज्य ज्याच्या पारड्यात मत टाकते तोच राष्ट्राध्यक्ष होतो, असा समज पिढ्यानपिढ्या सांगितला जातो.

त्यामागे कारण होते. मेनमध्ये राज्यपालपदाची निवडणूक सप्टेंबरमध्येच होत असे (ही प्रथा 1950 च्या दशकाअखेर संपली), त्यामुळे नोव्हेंबरमधील कौलाची चाहूल तिथे आधी लागते असे वाटणे स्वाभाविक होते. शिवाय यादवी युद्धानंतर मेन ज्या पक्षाकडे झुकलेले होते, तोच पक्ष देशातही बहुतेक वेळा जिंकत होता. म्हणजे जुळत होते ते दोघांचे कल, भाकीत नव्हे. तेव्हाही 1884, 1892 आणि 1916 मध्ये मेनने पराभूत उमेदवारालाच निवडले होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

1936 मध्ये तर 48 राज्यांपैकी केवळ मेन आणि व्हरमाँट पराभूत उमेदवाराच्या बाजूने राहिली, आणि 531 निर्वाचक मतांपैकी (राज्यांना वाटून दिलेली, राष्ट्राध्यक्ष ठरवणारी मते) त्याला अवघी 8 मिळाली. 1932 ते 1948 या पाचही निवडणुकांत मेनचा उमेदवार हरला.

पडताळणी सोपी आहे: प्रत्येक निवडणुकीचे राज्यवार निर्वाचक मतांचे तक्ते उपलब्ध असून, त्यांतील मेनची ओळ अंतिम निकालाशी ताडून पाहावी, आणि जुळलेल्या वर्षांबरोबर न जुळलेली वर्षेही मोजावीत.