मुदानच्या मुळाची साल

मुदान, म्हणजे झुडूपवर्गातील पिओनी, म्हटले की चिनी माणसाला लोयांग शहरातील बागांमध्ये वसंतात उमलणारी, दाट पाकळ्यांची मोठाली फुले आठवतात. वैद्यांना आणि औषधांच्या व्यापाऱ्यांना मात्र या झुडपाचा जमिनीखालचा भाग अधिक मोलाचा वाटतो. औषधासाठी सर्वांत नावाजलेला माल आन्हुई प्रांतातील तोंगलिंगच्या परिसरातून येतो, आणि तिथले मुदान दिसायला अगदी साधे, पांढऱ्या एकेरी फुलांचे असते. लागवडीनंतर तीन ते पाच वर्षांनी, शरद ऋतूत मुळे खणून काढतात, बारीक तंतुमुळे छाटतात, मुळाला उभा छेद देऊन आतला लाकडी गाभा ओढून काढतात आणि उरलेली साल उन्हात वाळवतात. गाभा टाकण्यामागे कारण आहे: औषधी द्रव्ये मुख्यतः सालीत साठतात, लाकडात ती फार कमी असतात. आयुर्वेदातही दशमुळांपैकी बेल, टेटू, शिवण यांसारख्या मोठ्या वृक्षांच्या मुळांची साल घेण्याचा प्रघात आहे, तो याच धर्तीचा म्हणता येईल.

वाळलेल्या सालीच्या नळ्या होतात. चांगली नळी मोडली की ती पिठूळ तुटते, आतून किंचित गुलाबी दिसते, तिला उग्र सुगंध येतो आणि तुकडा चघळला तर कडवट, तुरट चवीमागोमाग जीभ जराशी बधिर होते. आतल्या पृष्ठभागावर कधीकधी बारीक चमकदार स्फटिक दिसतात. नवख्याला ती बुरशी वाटण्याचा संभव आहे, पण जाणकार ग्राहक तेच शोधत असतो, कारण ते पिओनॉल या सुगंधी संयुगाचे स्फटिक असतात. चीनच्या अधिकृत औषधसंहितेने सालीत किमान 1.2 टक्के पिओनॉल असावे अशी अट घातली आहे, म्हणजे व्यापाऱ्यांच्या जुन्या पारखीला प्रयोगशाळेनेही एका अर्थी दुजोरा दिला.

पारंपरिक चिनी वैद्यकाच्या मते ही साल रक्तातील ‘उष्णता’ शमवते आणि साकळलेले रक्त वाहते करते. गान्सू प्रांतातील वूवेइ येथे 1972 साली एका हान काळातील थडग्यात लाकडी पट्ट्यांवर लिहिलेले औषधयोग सापडले, त्यांतही रक्त साकळण्यावरच्या उपचारात मुदानचा उल्लेख आहे. हान काळाच्या अखेरीस होऊन गेलेला वैद्य चांग चोंगचिंग याने आतड्यातील गळवावर दिलेला काढा तर आजही शिकवला जातो. त्यात रेवंदचिनी, मुदानची साल, पीच फळाच्या बियांतील गर, कोहळ्याच्या बिया आणि सोडियम सल्फेटचे खनिज अशी पाच द्रव्ये आहेत. नाडी मंद आणि ताणलेली असेल तर पू अजून झालेला नाही, म्हणून रेचन द्यावे; ती जोरदार आणि जलद असेल तर पू झाला आहे, रेचन देऊ नये, असा स्पष्ट इशाराही त्याने दिला होता. या वर्णनात अपेंडिक्सचा दाह ओळखू येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिआनजिनमधील नानकाई रुग्णालयात अशा पोटाच्या तीव्र विकारांवर पारंपरिक आणि आधुनिक उपचारांचा मेळ घालण्याचे पद्धतशीर काम झाले. पण ते रुग्णालयात, शस्त्रक्रियेची सोय हाताशी असताना झाले, आणि उजव्या कुशीत दुखत असताना घरी काढा उकळत बसणे हा निव्वळ वेडेपणा ठरेल.

सोंग राजवटीतील बालवैद्य छियेन यी याने चांगच्या आठ द्रव्यांच्या गोळ्यांतून दालचिनी आणि बचनागाच्या जातीचे मूळ ही दोन उष्ण द्रव्ये वगळून सहा द्रव्यांची गोळी तयार केली. तीही मुदानच्या सालीवाचून होत नाही आणि आजही चीनमध्ये भरपूर खपते.

आधुनिक संशोधनाचा रोख बहुतांशी पिओनॉलवर राहिला. पेशींवर आणि प्राण्यांवर केलेल्या प्रयोगांत ते दाह वाढवणाऱ्या संदेशांना आवर घालते आणि रक्तातील बिंबिकांचे एकमेकींना चिकटणे कमी करते, असे दिसले आहे. चीनमध्ये त्याचे त्वचेवर लावायचे मलमही मिळते. पण प्राण्यांत दिसलेला गुण माणसात तितक्याच प्रमाणात उतरेल असे गृहीत धरता येत नाही, आणि काढ्याच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे. पिओनॉल साधारण 50 अंश सेल्सिअसला वितळते, पाण्यात फारसे विरघळत नाही आणि वाफेबरोबर सहज उडून जाते. भांडे तासभर खदखदत ठेवले तर स्वयंपाकघरभर वास दरवळतो आणि पेल्यात पिओनॉल थोडेच उरते. म्हणूनच काही वैद्य साल शेवटी घालायला सांगतात. सालीची भुकटी घालून केलेल्या गोळ्यांत हा प्रश्न उद्भवत नाही. शिवाय सालीत पिओनिफ्लोरिनसारखी न उडणारी संयुगेही असतात, त्यामुळे काढा आणि गोळी ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळी औषधे आहेत, हे अभ्यास वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

रक्त वाहते करण्याच्या या गुणामुळेच गरोदर स्त्रियांना आणि मासिक पाळीत अतिरक्तस्राव होणाऱ्यांना ही साल जपून द्यावी असे चिनी परंपरा सांगते, आणि वॉरफरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. रक्तस्राव थांबवायचा असेल तेव्हा चिनी औषधशाळेत हीच साल कढईत बाहेरून काळी पडेपर्यंत भाजतात. या भाजण्यात पिओनॉल मोठ्या प्रमाणात नष्ट होते.